वाऱ्याखालची पानं

दिवाळी सरली, पाहुणे आपापल्या गावी गेले, की साताऱ्यातल्या आमच्या कॉलेजमागच्या शिवारात वीटभट्ट्यांची तयारी सुरू होते. आधी मातीचे ढीग पडतात, मग कच्च्या विटांच्या ओळी लागतात आणि मग एका सकाळी खिडकी उघडली की तो वास येतो. ओल्या मातीचा, कोळशाचा, उसाच्या चिपाडाचा आणि त्या सगळ्याखाली दडलेला घशाला चरचरणारा एक आंबूस वास. स्टाफरूममधले सगळे खिडक्या लावून घेतात. मी माझ्या बाजूची उघडीच ठेवते. मला खोकला येतो, हे कबूल. पण खोकल्यामागोमाग कुंडलच्या शिवारातला एक हंगाम येतो, त्यात माझी आई येते, आणि मला खुर्चीत ताठ बसावंसं वाटतं.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. या दिवसांत पोरांना रस्त्याकडेची झाडं बघायला नेते आणि दरवर्षी कुणीतरी तोंड वाकडं करून विचारतंच, "मॅडम, हा तर नुसता कचरा आहे. यात काय बघायचं?" रुई, घाणेरी, निर्गुडी, तरवड. कुणी लावली नाहीत, कुणी पाणी घातलं नाही, कुणी कौतुक केलं नाही अशी ही झाडं. मी त्या पोराला रुईचं एक पान तोडून देते आणि बोट फिरवायला सांगते. बोटाला राखाडी पीठ लागतं, आणि पानावर बोटाच्या रुंदीची हिरवी वाट उमटते. मग पोरगं आपणहून दुसरं पान तोडतं. बागेतल्या गुलाबाला माळी असतो. ह्यांना ट्रकचा धूर असतो आणि तरी ती फुलतात, म्हणून मला त्यांचा अभिमान वाटतो. तसा तो वाटायला मला वेळ लागला, हेही खरं.

आम्ही आटपाडीकडचे, मेंढरांमागे चालणारे. वाडा म्हटलं की लोकांना चौक आणि कडीपाटाची घरं आठवतात. आमच्यात वाडा म्हणजे चार कुटुंबं, त्यांची मेंढरं, दोन घोडी, कुत्री, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या, असा चालता संसार. दिवाळीनंतर आमच्या माळावर खायला काही उरत नाही. मग वाडा उठायचा आणि कृष्णेच्या अंगाला सरकायचा. बागायतदार आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे, कारण लेंड्यांसारखं खत नाही. एका रानात दोन दिवस, पुढच्या रानात तीन दिवस, असं करत आम्ही कुंडल-पलूसच्या काळ्या रानांतून उन्हाळा काढायचो. उसाच्या हिरव्या भिंती बघून मला लहानपणी वाटायचं, ही माणसं किती सुखी.

मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला सांगलीत होते तेव्हाची ही गोष्ट. आमच्या वाड्यातून इतकं शिकलेलं तोवर कुणी नव्हतं. वडिलांचे गुडघे गेलेले, ते गावीच असायचे. मेंढरांमागे आई एकटी. मला शिकू द्यावं म्हणून तिनं वाड्याचे कारभारी असलेल्या माझ्या थोरल्या चुलत्यांपुढे शब्द टाकला होता. "दादा, दोन वर्सं द्या. तिसरं मागनार न्हाई." दोन वर्षं सगळ्यांनी तिच्या मेंढरांना आळीपाळीनं हात लावला. तेवढ्यात डिग्री झाली नाही, तर तिसऱ्या वर्षी मी काठी घेऊन मागे उभी राहायची, असं ठरलं होतं. आईचा शब्द म्हणजे शब्द. म्हणजे माझा प्रकल्प त्या उन्हाळ्यात पुरा झाला तर डिग्री, नाहीतर मेंढरं. आता मी हे गमतीनं सांगते.

प्रकल्प हवेच्या प्रदूषणाचा होता. धूर आणि धूळ यांनी रानझाडांच्या पानांतल्या रंगद्रव्यांचं काय होतं, पानाला कुठं आणि कशी इजा होते, ते बघायचं. जागा तीन: कुंडलच्या अलीकडची ओढ्याकाठची एक वीटभट्टी, वर्दळीचा रस्ता, आणि ताडून बघायला आटपाडीकडचा आमचा स्वच्छ माळ. पानं गोळा करायच्या फेऱ्याही तीन: भट्टी पेटताना, मध्यावर आणि हंगाम संपताना. आईला हे समजावून सांगितलं, तेव्हा ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"आन् झाडं कुठली घेतलीस?"

"रुई, घाणेरी, निर्गुडी, तरवड."

"आगं, सोळा-सतरा वर्सं शिकलीस आन् मेंढरू तोंड लावत न्हाई असली झाडं हुडकलीस व्हय?"

ती हसून हसून खोकायला लागली. पण मुद्दा बरोबर होता. शेळ्या-मेंढ्या खात नाहीत तेच रस्त्याकडेला उरतं. माझ्या प्रबंधात 'निवडीची कारणे' म्हणून एक पान आहे. त्यातलं अर्धं पान म्हणजे आईचं ते वाक्य, सुटाबुटात.

झाडं ओळखू यावीत म्हणून मी फांद्यांना लाल दोरा बांधला होता. दुसऱ्या फेरीला गेले तर भट्टीजवळच्या माझ्या रुईला हळद-कुंकू लागलेलं. बुडाशी नारळ. कुणीतरी दोरा बघून समजलं होतं की हा नवस आहे आणि नवसाच्या झाडाला मोकळ्या हातानं कसं ओलांडायचं? शिवाय शनिवार होऊन गेलेला. खालची निम्मी पानं मारुतीच्या माळेत गेली होती. तिथल्या एका म्हाताऱ्याला मी जरा तावातावानंच विचारलं, "आवं आजोबा, ही पानं कुणी तोडली?" तर ते म्हणाले, "देवानं न्हेली, बाई. पर तुजा दोरा न्हाई तोडला बग कुनी. कशाचा नवस हाय?" मी म्हटलं, "एम.एस्सी.चा." त्यांनी मनोभावे हात जोडले. पुढच्या फेरीत मी दोऱ्याचा रंग बदलून पांढरा केला.

तिसरी फेरी चैत्र सरताना आली. भट्टीतला शेवटचा कोळसा धुमसत होता, वाडा जवळच एका शेतकऱ्याच्या रानात उतरला होता आणि मी आदल्या दिवशी आईकडे मुक्कामाला आले होते. दिवस उगवायच्या आत भट्टीकडची पानं तोडली, मग रस्त्याकडची. माळावरची मी आधीच तोडून कॉलेजच्या फ्रीजरमध्ये ठेवून आले होते. प्रत्येक झाडाची पानं वेगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळली, वर नंबर टाकला. एकेक पान असं धरायचं की त्यावरची धूळ झडू नये. कारण पद्धत अशी असते: पान धुळीसकट तोलायचं, मग धुवायचं, पुन्हा तोलायचं. मधला फरक म्हणजे त्या पानानं अंगावर घेतलेली धूळ. श्वास रोखून काम केलं. पुड्या आईच्या पाटीत सावलीला ठेवल्या आणि गावात बर्फ आणायला गेले. उन्हात पानातलं हरितद्रव्य टिकत नाही, म्हणून थर्माकोलच्या पेटीत बर्फ लागतो. जाताना आईला एवढंच म्हणाले, "आये, पाटीकडं बघ. आमच्या मॅडम एकेक पान हातात घेऊन बघणार आहेत."

चूक माझी होती ती तिथं. 'हात लावू नको' असं म्हणायचं ते 'मॅडम हातात घेणार आहेत' असं म्हणाले.

तासाभरानं आले तर घोंगडीवर ओली पानं पसरलेली. शेजारी बादली. बादलीतलं पाणी शाईसारखं काळं. आई पदरानं शेवटचं पान पुसत होती, आणि वर बघून हसली.

"किती घान व्हती गं! मास्तरीनबाईंच्या हातात असली राखुंडी भरल्याली पानं देत्यात व्हय? काय म्हनतील, हिच्या आयीनं काय वळन लावलं का न्हाई?"

मी काय बोलले ते सगळं लिहिणार नाही. 'वाटोळं केलंस' हे नक्की बोलले. 'तुला काही कळत नाही' हेही बोलले, आणि त्याची लाज आजही वाटते. दोन वर्षं जिनं माझ्यासाठी मेंढरं ओढली तिला मी हे म्हणाले. ती मेंढरांकडे बघत राहिली. मग तिला आतून काहीतरी उमगलं असावं, कारण तिचा आवाज अगदी बारीक झाला.

"धुरळाच पायजे व्हता तुला?"

"हो. धूळच पाहिजे होती."

"मंग बादलीत हाय की समदा."

मला रडू फुटलं. बादलीत सगळ्या झाडांची धूळ एकत्र झालेली. कुणाची किती, ते आता ब्रह्मदेवसुद्धा सांगू शकला नसता. आईनं मला रडू दिलं, पाणी दिलं आणि मग एकदम मेंढी धरताना वापरते तो हुकमी आवाज काढला. "आता बस. आरडून काय उपेग न्हाई. आदी बघ तरी म्या काय केलंय."

बघितलं. आधी दिसलं नव्हतं ते मग दिसलं. पानांची सरमिसळ झालीच नव्हती. प्रत्येक पुडीचा कागद घोंगडीवर वेगळा अंथरलेला, आणि त्या कागदाची पानं त्याच कागदावर. मी विचारलं तर ती जरा रागावलीच. "कोकरू दुसऱ्या मेंढीला लावत्यात व्हय? ज्येचं त्येला." तिला नंबर वाचता येत नव्हते, पण दोनशे मेंढरांत कोणतं पिल्लू कुणाचं हे तिला अंधारात आवाजावरून कळायचं. तिथं आठ-दहा कागदांचं काय.

आणि प्रत्येक कागदावर पानांचे तीन ढीग होते.

"हे धुतल्यावर निर्मळ झालं," तिनं पहिल्या ढिगावर बोट ठेवलं. "वरवरची घान व्हती, गेली. जरा फिकं हाय, पर धड हाय. ह्ये दुसरं, शिरांच्या मदी पांढुरकं पडलंय बग, कितीबी घासलं तरी जात न्हाई. ह्यो डाग न्हवं, पानच मेलंय तितं. आन् ह्ये तिसरं, शेंडा आन् कड जळाल्याली. ही समदी भट्टीच्या वाऱ्याखालची."

"ते तुला कसं कळलं? कागदावरून?"

"कागूद कशाला? असली कड जळाल्याली पानं ज्या रानात दिसत्यात, तितं म्या मेंढरं बसवत न्हाई. दोन-तीन सालं सलग बसवली तर दात तांबडं पडत्यात, पाय आखडत्यात. तुज्या आज्यानं सांगितल्यालं हाय. भट्टीच्या वरच्या अंगाला बसवावं, वाऱ्याखाली, धूर येतो तितं, बसवू न्हाई."

मी कागद एकेक करून बघितले. रस्त्याकडच्या पुड्यांत पहिला ढीग मोठा. भट्टीकडच्या पुड्यांत दुसरा आणि तिसरा. तोडताना धुळीखाली हे काही मला दिसलं नव्हतं. दोन फेऱ्या मी धुळीच्या वजनामागे लागले होते, आणि इजेच्या रकान्यात नुसतं 'पानावर डाग' असं लिहून मोकळी झाले होते.

त्याच दुपारी वळीव कोसळला. रस्त्याकडची सगळी झाडं लख्ख झाली, भट्टी विझली, आणि पुन्हा पानं गोळा करायचा विषय संपला. जे काही होतं ते थर्माकोलच्या पेटीत होतं.

आमच्या मार्गदर्शक मगदूम मॅडम सांगलीच्या. आवाज खणखणीत, आणि चूक झाली तर कुणाचा मुलाहिजा नाही. मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणजे आता काही खरं नाही, असं आम्ही मुली समजायचो. नंतर त्यांनी पेटी उघडली, पहिली पुडी सोडली, दुसरी सोडली, आणि चष्मा पुन्हा लावला. एकेक पान हातात घेऊन बघितलं. मग म्हणाल्या, "खरात, तुझ्या आईची आणि माझी गाठ पहिल्याच महिन्यात घालून द्यायला हवी होतीस."

त्यांनी एका जुन्या पुस्तकात दाखवलं. विटांच्या मातीत फ्लोरिन असतं, भाजताना ते वायू होऊन बाहेर पडतं, पानात शिरून शेंड्याला आणि कडेला साठतं आणि कड जाळतं. तेच चाऱ्यातून जनावराच्या पोटात गेलं की दात आणि हाडं धरतं. कोळशातल्या गंधकाच्या धुरानं शिरांच्या मधला भाग पांढरा पडतो. धुळीनं मात्र पान मरत नाही, उजेड आणि श्वास कमी पडून ते फिकं होतं. तीन कारणं, तीन खुणा. माझ्या आजोबांनी त्यातली एक मेंढरांच्या दातांवरून ओळखली होती, बाकीच्या दोन आईनं बादलीत.

मग आम्ही पानं कुटली. खलात ॲसिटोन घालून पान घोटलं की हिरवा अर्क निघतो, तो गाळून नळीत भरायचा. प्रत्येक ढिगाची वेगळी रांग लावली. यंत्रात घालून आकडे काढायचे होतेच, पण त्याआधीच नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. माळावरच्या पानांच्या नळ्या गर्द. आईच्या पहिल्या ढिगाच्या जरा उतरलेल्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगाच्या पिवळट, उसाच्या रसासारख्या. हिरवा रंग आधी जातो आणि पिवळा मागे राहतो. तो पिवळा पानात पहिल्यापासून असतोच, हिरव्याखाली झाकलेला. जळालेल्या पानातही तो शेवटपर्यंत तग धरतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण ती नळी मी पुन्हा पुन्हा उजेडात धरून बघितली. झाडाला वाडा उठवून दुसरीकडे जाता येत नाही. ज्या वाऱ्याखाली रुजलं तिथंच त्याला राहावं लागतं. तरी त्या जळक्या कडांच्या रुईला मी पानं तोडताना टपोऱ्या कळ्या बघितल्या होत्या.

तीनेक वर्षांपूर्वी इथं साताऱ्यात आमच्या शेजारचे तात्या भेटले. ते मूळचे विट्याजवळचे, सगळी उमर परमुलखात सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या दुकानात गेली. मी काय शिकवते असं त्यांनी विचारलं, आणि ऐकून म्हणाले, "आमच्या दुकानाफुडं तुळस कवा टिकली न्हाई बग. तेजाबाची वाफ निगायची, आठ दिसांत पानं करपायची. बायकू दर साली नवी लावायची आन् मला शिव्या द्यायची." मग आपणच जरा थांबून म्हणाले, "तुळस मरतीया म्हंजी आमच्या छातीत काय व्हत असंल, ह्ये कुनाच्या ध्येनातच आलं न्हाई." हे मी आता वर्गात सांगते. नाव घेऊन सांगते, तात्यांना विचारून. पोरं ते लिहून घेतात. रंगद्रव्यांची सूत्रं ती विसरतात, हे विसरत नाहीत.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक फार सौम्य बोलणारे होते, त्यामुळे जास्त भीती वाटत होती. प्रबंधात धुळीच्या तक्त्यात तिसऱ्या फेरीचा रकाना सरळ रिकामा होता. मॅडमनी तो भरू दिला नव्हता, झाकूही दिला नव्हता. खाली एक ओळ होती, 'नमुने तोलण्यापूर्वी धुतले गेले.' परीक्षकांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं.

"हे कसं झालं?"

"माझ्या आईनं धुतले, सर."

दालनात कुणीतरी हसलं. ते हसले नाहीत. त्यांनी पुढची पानं उलटली आणि इजेच्या प्रकरणाशी थांबले. तीन प्रकारांची ती वाटणी, प्रत्येकाचं हरितद्रव्य, पिवळं द्रव्य, नकाशावर वाऱ्याची दिशा. बराच वेळ वाचून विचारलं, "ही वाटणी छान आहे. कुणाची?"

"तीही आईचीच."

"त्या काय करतात?"

आयुष्यात हा प्रश्न मला पुष्कळ वेळा विचारला गेला होता. हॉस्टेलवर मी त्याला 'शेती' असं उत्तर द्यायचे. त्या दिवशी मी म्हणाले, "मेंढरं राखतात." माझा आवाज मलाच मोठा वाटला. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या, पण त्यांचे कान माझ्याकडेच होते.

परीक्षक मॅडमकडे वळले. "मग संदर्भसूचीत त्यांचं नाव का नाही? दुसऱ्याची वाटणी वापरली तर नाव द्यायला नको?"

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी त्याच दिवशी ते पान बदलून घेतलं. इंग्रजी आद्याक्षरांनी लावलेली लांबलचक यादी. तिच्यात 'खरात, बायजाबाई' हे नाव एका जर्मन आणि एका दिल्लीच्या शास्त्रज्ञाच्या मधे बसलं. पुढे इंग्रजीत, मेंढपाळ, मुक्काम आटपाडी तालुका, प्रत्यक्ष भेटीत दिलेली माहिती. दोन वर्षं संपायला तेव्हा आठ-नऊ दिवस उरले होते.

निकाल लागल्यावर काळ्या बांधणीचा तो प्रबंध घेऊन मी वाड्यावर गेले. मेंढरं परतीच्या वाटेला लागली होती. चुलते घोडीवर बिऱ्हाड लादत होते. आईनं हात धुतले, पदराला पुसले आणि प्रबंध मांडीवर घेतला. मी ते पान काढून तिचं बोट तिच्या नावावर ठेवलं.

"ह्ये मी?"

"ही तू."

"आन् ह्या वरल्या-खालल्या वळी?"

"ती मोठमोठी माणसं आहेत, आये. देशोदेशीची. ह्याच कामात सगळा जन्म घालवलेली."

ती त्या ओळींवरून बोट फिरवत राहिली, वर एकदा, खाली एकदा. मला वाटलं, आता डोळे पुसणार. तिनं मान वर करून विचारलं, "ह्यांनी बी पानं धुतली व्हती का गं?"

"हो. पण आधी तोलली आणि मग धुतली."

"हां," आई म्हणाली. "शिकल्याली मानसं हाईत."